पांढऱ्याचे मानक

३ नोव्हेंबर, सोमवार

श्रीधरच्या डोळ्यांतले पांढरे आता पांढरे राहिलेले नाही.

सकाळी सव्वादहाला ते उत्तरेच्या खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी चहा ठेवला, त्यांनी वर पाहिले — आणि मला दिसले. नाकाकडच्या कोपऱ्यात, जुन्या पुस्तकाच्या कडांवर चढते तशी छटा. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. हडपसरच्या रंगकारखान्यात अठ्ठावीस वर्षे मी प्रयोगशाळेची प्रमुख होते. पांढऱ्याचे एकवीस प्रकार मी आजही नुसत्या नजरेने वेगळे काढीन.

"अहो, वर बघा. आता खाली. आता डावीकडे."

"लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि आज माझ्या डोळ्यांत बघावंसं वाटलं?"

मी हसले नाही. डोळ्यांचे पांढरे काय सांगते, हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही. लाल म्हणजे धूळ, दाह, अपुरी झोप. निळसर म्हणजे बहुधा रक्त कमी. तपकिरी ठिपके वयाचे, उन्हाचे. ते विचारात घेऊ नयेत. पिवळे मात्र आतून येते. यकृतातून, पित्तातून.

थोरले दीर याच रंगाने गेले. रंग दिसल्यापासून अकरा आठवड्यांत. त्यांना एका तपासणीच्या जोरावर घाईने शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले गेले. शुद्धीवर ते आलेच नाहीत. ती घाई मी विसरलेले नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पद्धत ठरवली. रोज सकाळी सव्वादहा, उत्तरेची खिडकी, दिवे बंद. तीस नोंदी. त्यानंतरच डॉक्टर. एका नोंदीवर निष्कर्ष काढणाऱ्या किती पदवीधरांना मी मुलाखतीतून परत पाठवले आहे! ती चूक घरात करणार नाही.

प्रश्न मानकाचा होता. नमुना एकटा पाहून रंग ठरत नाही. शेजारी मानक लागते. कपाटातल्या जुन्या रंगपट्ट्या काढल्या आणि परत ठेवल्या. ओल्या पृष्ठभागाची तुलना ओल्याशीच झाली पाहिजे. माझे स्वतःचे डोळे आरशात पाहावेत, तर आरशाची काच हिरवट. शिवाय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून माझ्या पांढऱ्यावर लाल शिरा आहेत.

तेवढ्यात सरूबाई केर काढायला आल्या. वारज्याच्या जुन्या गावठाणातल्या, पन्नाशीच्या. बारा वर्षे आमच्याकडे आहेत. आणि डोळे — धुऊन पुसलेल्या चिनी मातीचे!

"सरूबाई, इकडे या. साहेबांच्या शेजारी बसा."

"मी? खुर्चीवं?"

"बसा. उजेडाकडे बघा."

"काय कचरा गेलाय का माज्या डोळ्यात, डाक्टरबाई?"

"नाही. तुम्ही मानक आहात."

श्रीधर म्हणाले, "म्हणजे तुम्ही पास आणि मी नापास, सरूबाई. चाळीस वर्षं गणित शिकवून ही वेळ आली."

फरक : एक पायरी. (माझी मोजणी — शून्य म्हणजे जुळले, पाच म्हणजे रंगाऱ्यालाही दिसेल.)

५ नोव्हेंबर, बुधवार

फरक एक.

काढ्याची नोंद राहिली होती, ती करते. दसऱ्याच्या सुमारास श्रीधरना ताप येऊन गेला. तेव्हापासून रोज गुळवेलीचा काढा देते. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी कडुनिंब आहे, त्याच्यावर चढलेली वेल. कडुनिंबावरची गुळवेल सर्वांत गुणकारी, असे आमची आई सांगे. माळी म्हणत होता, "ही वेल जरा येगळी वाटतीया." माळ्याकडून वनस्पतिशास्त्र शिकण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. साठ ग्रॅम कांडी ठेचून, आठ पेले पाण्यात, दोन पेले उरेपर्यंत. एक पेला श्रीधरना. दुसरा सरूबाईंना, त्यांनाही तेव्हा कणकण होती, आणि एका पेल्यासाठी पातेले तापवणे मला पटत नाही.

सरूबाई नाक दाबून पितात. श्रीधर नाक न दाबता पितात आणि नंतर दहा मिनिटे माझ्याशी बोलत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

फरक एक. सलग सहा दिवस.

नम्रताचा फोन. माझी मुलगी, हडपसरला संगणकाच्या कंपनीत आहे आणि प्रत्येक वाक्यात तीन इंग्रजी शब्द घातल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही.

"आई, सिंपल ब्लड टेस्ट आहे. घरी येऊन सॅम्पल घेतात. करून टाक ना!"

"तीस नोंदी झाल्या की करू."

"आई, बाबा म्हणजे पेंटचा डबा नाहीयेत!"

मी फोन ठेवला. आवाज चढवणे हा युक्तिवाद नव्हे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फरक एक.

श्रीधरच्या अंगाला खाज आहे. पोटऱ्या ओरबाडून घेतल्या आहेत. थंडी सुरू झाली, कातडी कोरडी पडते, खोबरेल दिले. लघवी गडद होते, असेही हळूच म्हणाले. पाणी कमी पितात, दुसरे काय!

सरूबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "साहेबांना कावीळ हाय, डाक्टरबाई. आमच्याकडं गावठाणात म्हातारा हाय एक, उतरवतो. चुन्याच्या पान्यात हात धुतो, पानी पिवळंजरद व्हतंय. समदी कावीळ पान्यात."

मी नळ बंद करायला लावला आणि त्यांना नीट समजावले. तो म्हातारा हाताला आधी कसलासा झाडपाला चोळत असणार. चुन्याने त्याचा रंग फुटतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. ज्या चाचणीत सगळेच पिवळे ठरतात, ती चाचणी नव्हे.

सरूबाईंनी ऐकून घेतले. "तुमी डाक्टर. तुमचंच खरं."

दारावरच्या पाटीवर माझ्या नावाआधी 'डॉ.' आहे. ते रंगरसायनाच्या प्रबंधाचे, हे मी त्यांना कधी सांगितलेले नाही. श्रीधर म्हणतात, "तू भिंतींची डॉक्टर." सरूबाईंना तो विनोद वाटतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फरक एक. बारा दिवसांत पायरी हललेली नाही. दिरांचा रंग रोज चढत गेला होता. म्हणजे येथे काहीतरी त्याला धरून ठेवत आहे — आणि घरात नवीन असे एकच आहे. काढा.

आजपासून दोन वेळा.

श्रीधर : "शिक्षा दुप्पट? अपील कुठं करायचं?"

सरूबाईंना संध्याकाळचा पेला बाटलीत भरून दिला. एका पातेल्यात दोघांचा होतो. अर्धे काम मी करत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

फरक एक. गेल्या रविवारसारखे मानक आजही मुद्दाम सुटीच्या दिवशी बोलावले. कुरकूर न करता आल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फरक एक, किंवा किंचित कमी. 'किंचित' हा शब्द मला आवडत नाही.

सरूबाईंच्या हातून निळ्या नक्षीची बशी फुटली. लक्ष नसते. हल्ली एक खोली झाडली की भिंतीला टेकून उभ्या राहतात. विचारले तर म्हणाल्या, "अंगाला खाज सुटतीया लई. झोप न्हाई." मी भांड्यांची पावडर बदलली. हातमोजे आणून ठेवलेले आहेत. ते घालायचे नाहीत आणि मग खाज! सांगून दमले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धी पायरी!

तीनदा पाहिले. जागा बदलून पाहिले — श्रीधर डावीकडे, सरूबाई उजवीकडे. अर्धीच. दोन्ही वेळचा काढा सुरू करून सहा दिवस झाले. इतका स्वच्छ परिणाम नोकरीतही क्वचित पाहिला.

नम्रताला कळवले. ती म्हणाली, "बाबा जेवतात का?" मी आकडा सांगत होते, आणि ही जेवणाचे विचारते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नाही जेवत.

फोडणीच्या वासाने त्यांना मळमळते. दुपारी ताकभात अर्धा टाकला. पट्ट्याला नवीन भोक पाडून दिले — मीच पाडले, सुबक. संध्याकाळी खुर्चीतून उठताना त्यांनी माझा हात धरला. ते कधी धरत नाहीत.

नोंदी सुधारत आहेत. माणूस सुधारत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे मला अस्वस्थ करते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शून्य. जुळले.

दोघे खिडकीपाशी शेजारी बसले. मी बराच वेळ पाहत होते. श्रीधरचे पांढरे आणि सरूबाईंचे पांढरे — एकच. कारखान्यात असा नमुना जुळला की आम्ही रंग लावलेल्या पत्र्यावर सही करत असू.

श्रीधर म्हणाले, "आता आपण दोघं एकाच डब्यातले, सरूबाई."

सरूबाई हसल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "डाक्टरबाई, चार दिस येत न्हाई. पार गळाल्यागत झालंय."

ऐन वेळी! पण चेहरा खरेच ओढलेला होता, म्हणून रागावले नाही. काढ्यात खंड नको, म्हणून कांडीच्या पुड्या बांधून दिल्या. मोजून, प्रत्येकी तीस ग्रॅम, वर तारीख आणि वेळ. हात लागलाच होता, चारांऐवजी दहा दिवसांच्या केल्या. वीस पुड्या. कडा दुमडून, चौकोनी. चार पेले पाणी, एक पेला उरेपर्यंत, हेही लिहून दिले. त्यांची मुलगी रुपाली शिकलेली आहे, वाचून सांगेल. सरूबाईंनी पुड्या कपाळाला लावल्या आणि पदरात बांधल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मानक नाही. नोंद नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नोंद नाही.

श्रीधर दिवसभर पडून आहेत. काढा दिला, उलटला. पुन्हा दिला. त्यांनी पेला हातात घेऊन माझ्याकडे पाहिले आणि प्याले. टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

३० नोव्हेंबर, रविवार

नम्रता न सांगता आली. दार मी उघडले. तिने आत पाहिले, आणि तिच्या हातातली फळांची पिशवी खाली पडली. संत्री पार जिन्यापर्यंत गेली.

"बाबा! आई, अगं बाबा पिवळे झालेत! डोळे, तोंड, सगळंच!"

"फरक शून्य आहे," मी म्हणाले. "मंगळवारीच शून्यावर आला."

"फरक? कशापासून फरक?"

मी वही उघडली. ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. श्रीधरनी मान वळवून एवढेच म्हटले, "नमे, आता कुठं न्यायचं तिथं ने गं. मला आता बसवत नाही."

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी प्रथमच माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला विचारले.

१ डिसेंबर, सोमवार. रुग्णालय.

रक्तातले पित्त सोळा. एकच्या आत असायला हवे.

गाठ नाही. खडा नाही. दिरांचा आजार नाही. हे मी पुन्हा एकदा विचारून पक्के करून घेतले.

डॉक्टर तरुण आहेत. पृथ्वीराज असे नाव छातीवर. यकृताला कशाने तरी जबर इजा झाली आहे, म्हणाले. "काही गोळ्या? चूर्ण? काढा?"

मी प्रमाणासह सांगितले. त्यांनी लिहिणे थांबवले.

"आजी, किती दिवस?"

"दसऱ्यापासून. दोन महिने. शेवटचे पंधरा दिवस दोन वेळा."

"आणि पिवळेपणा दिसल्यावर तुम्ही वाढवला?"

मी 'हो' म्हणाले. ती वेल गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आता ठरवता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. गुळवेलच असली तरी कोणाकोणाच्या यकृताला ती झेपत नाही. काढा ताबडतोब बंद. आता तरी थांबला, तर यकृत बहुधा सावरेल. "अजून आठवडाभर चालला असता तर माणूस गुंगीत जातो. मग आमच्याही हातात फार राहत नाही."

शेवटी त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणी घेतं का?"

"नाही," मी म्हणाले. मी घेत नाही. नम्रता घेत नाही. घरात आम्ही दोघेच.

२ डिसेंबर, मंगळवार

पंधरा. उतरत आहे. दोन चमचे पेज पोटात राहिली.

श्रीधर : "तुझ्या काढ्यापेक्षा इथलं जेवण बरं, यातच सगळं आलं." टोमणा आला! मी बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

३ डिसेंबर, बुधवार

नोंद पुन्हा सुरू करावी असे वाटले. आता उतरती. मानक म्हणून सकाळच्या परिचारिकेला, शेफालीला, खिडकीपाशी उभे केले. पोरगी हसली, पण उभी राहिली.

फरक : साडेचार.

हे अशक्य आहे. मागच्या मंगळवारी, २५ तारखेला, शून्य होता. आठ दिवसांत शून्यावरून साडेचार, तोही उतरत्या आजारात? खोलीतला उजेड खराब असणार. दिवे घालवून पुन्हा पाहिले. मग नम्रताला उभे केले.

साडेचार.

४ डिसेंबर, गुरुवार

कपडे बदलायला घरी आले आहे. ओट्यावर बुरशी धरलेली पातेली. सरूबाई चार दिवसांचे सांगून गेल्या, आज नववा दिवस. निरोप नाही. लोकांना सवलत दिली की असेच होते, असे लिहायला बसले होते. पुढचे वाक्य सुचेना.

वहीची मागची पाने काढली. एक, एक, एक, अर्धी, शून्य. फरक दोन मार्गांनी कमी होतो. नमुना मानकाकडे जातो, किंवा —

कारखान्यातला नियम मीच भिंतीवर लावला होता : शंका नमुन्यावर घ्यावी, मानकावर नाही. मानक कुलूपबंद कपाटात असते. त्याला ऊन लागत नाही, हात लागत नाही. त्याला कोणी काही पाजत नाही.

एकच शक्यता उरते. ती लिहिण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

सरूबाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. सात वेळा. त्यांच्या घरी जावे म्हणून चपला घातल्या आणि दारातच थांबले. वारज्यात घर नेमके कोठे आहे, ते मला ठाऊक नाही. बारा वर्षांत विचारलेले नाही. सोसायटीच्या रखवालदाराला विचारले, शेजारच्या तिन्ही घरी विचारले. कोणालाच माहीत नाही. गावठाणात जाऊन अंधार पडेपर्यंत विचारत फिरले. 'सरूबाई' एवढ्या नावावर कोण सांगणार? त्यांचे आडनावही मी कधी लिहून घेतलेले नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार. रिक्षात.

सकाळी आठला पुन्हा वारज्याला निघाले, तर दार उघडताच समोर रुपाली. हातात धुतलेली बाटली.

"डॉक्टरबाई, पुड्या आज सकाळी संपल्या. अजून द्या ना. आईला उठवतच नाहीये. डोळे हळदीगत झालेत. काल रात्रीपासून मला ओळखत नाही. मामा म्हणाला दवाखान्यात नेऊ, पण आई शुद्धीवर होती तोवर ऐकत नव्हती — डॉक्टरबाईंनी मोजून दिलंय, चुकवायचं नाही, म्हणायची. मी एक पण चुकवली नाही. आजची पण चमच्याने पाजली."

रुग्णवाहिका वारज्याला पाठवली आहे. आम्ही मागून निघालो आहोत. डॉक्टर पृथ्वीराजना फोन केला : सोमवारी मी दिलेले उत्तर चूक होते. ते म्हणाले, "कोणतं उत्तर, आजी?" "घरात आणखी कोणी घेतं का, त्याचं," मी म्हणाले.

रुपाली शेजारी बसली आहे. सारखी विचारते, "उतरेल ना, डॉक्टरबाई?" उजेड भरपूर आहे. मला तिच्याकडे पाहवत नाही. तिचे डोळे किती पांढरे आहेत!